वाचक विचारतात : आभाळात इंजिन बंद पडलं तर?

प्रश्न : मुलगी शिरपूरला विमान उडवायला शिकते. एकच इंजिन असतं. ते वर बंद पडलं तर विमान सरळ खाली येतं का? आणि धावपट्टी मागेच असताना वळून परत का येऊ देत नाहीत? – एक आई, अमळनेर

उत्तर : ताई, इंजिन थांबलं तरी पंख आपलं काम करतच असतात. सेस्ना १७२ या शिकाऊंच्या छोट्या विमानाचा वेग ६५ ते ६८ नॉट, म्हणजे ताशी सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, धरून ठेवला, तर वारा नसताना दर हजार फूट उंचीमागे ते साधारण पावणेतीन किलोमीटर तरंगत जातं. म्हणून आधी नाक खाली करून वेग धरायचा, मग शेत हेरायचं, आणि त्यानंतरच इंजिन चालू करून बघायचं : इंधनाचा खटका दोन्ही टाक्यांवर, इंधन-हवेच्या मिश्रणाची लाल मूठ पूर्ण आत, इंधनपंप चालू, मॅग्नेटो (इंजिनात ठिणगी पाडणारी यंत्रं) दोन्ही चालू. रेडिओवर ‘मेडे’ ही संकटाची हाक त्याच्याही नंतर.

पुष्कळदा कारण साधं असतं. टाकी रिकामी, नाहीतर इंधनात पाणी. म्हणूनच उड्डाणाआधी पंखाखालच्या झडपेतून थोडं इंधन पेल्यात काढून उजेडात धरतात. पेट्रोल निळसर असतं, पाणी तळाशी बिनरंगी थेंबासारखं दिसतं. मुलीला विचारा, ती हे रोज करत असेल. कार्बोरेटरच्या (इंधन आणि हवा मिसळणाऱ्या भागाच्या) जुन्या इंजिनात आणखी एक घोळ होतो. पावसाळ्यात बाहेर २५ अंश असले तरी इंधनाची वाफ होताना आतली हवा इतकी गार पडते की बर्फ धरतो. त्यासाठी गरम हवेची वेगळी मूठ असते.

आता परत वळण्याचं. नुकतंच उडालेलं विमान चार-पाचशे फुटांवर असतं. १८० अंश वळून भागत नाही, कारण वळताना ते बाजूला सरकतं आणि धावपट्टीच्या रेषेत यायला आणखी वळावं लागतं. घाईने ४५ अंश कलवलं की स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याच्या खाली पंख विमान उचलून धरू शकत नाहीत तो वेग, १९ टक्क्यांनी वाढतो. तेवढा वेग नसला की एक पंख आधी बसतो आणि विमान गिरकी घेतं. त्या उंचीवर सावरायला जागाच नसते. मे महिन्यात ४४ अंशांत चढही मंद, म्हणजे हाती उंची आणखी कमी. त्यापेक्षा समोर, डाव्या-उजव्या बाजूला थोडंसंच वळून, जे शेत मिळेल ते बरं.

प्रश्न : कुठलं शेत बरं? आणि आमच्या शेतात विमान उतरलं तर आम्ही काय करायचं? – एक शेतकरी, रावेर

उत्तर : गहू-हरभरा निघालेलं मोकळं रान सगळ्यांत चांगलं. नांगरट असेल तर नांगराच्या तासाच्या दिशेनेच टेकायचं. आडवं टेकलं तर पुढचं चाक रुतून विमान उलटतं. पावसाळ्यात काळ्या मातीतही तीच भीती. केळीची बाग वरून मऊ गादीसारखी दिसते, पण तो पानांचा माथा असतो. खाली खोडं आणि टेकूचे बांबू. विजेच्या तारा वरून दिसत नाहीत, म्हणून खांब शोधायचे. टेकण्याआधी इंधन आणि मॅग्नेटो बंद करतात, दारं अडकू नयेत म्हणून किलकिली ठेवतात.

भाऊ, तुम्ही आधी ११२ ला फोन करा. पंख्यासमोरून जाऊ नका, पातं हाताने फिरवू नका; मॅग्नेटो चालू राहिला असेल तर इंजिन अचानक झटका मारतं. मागच्या बाजूने दाराशी जा. पंखांत २०० लिटरपर्यंत पेट्रोल असू शकतं, तेव्हा बिडी आणि चालू ट्रॅक्टर लांब. माणसं बाहेर काढा. बाकी तुकडा न तुकडा जागेवरच राहू द्या, तपासाला तो तसाच लागतो.