विचारा की! : गेममधली हळद लिंबासारखी का दिसते?

प्रश्न : ताई, मी हरिपूरचा, सांगलीजवळचा. आमच्याकडं पूर्वी जमिनीखालच्या पेवांत हळद साठवायचे, २००५ च्या पुरात बरीच पेवं गेली. त्यावर गोडो या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमधे एक छोटा थ्रीडी गेम करतोय, आजोबा नातवाला घेऊन पेवात उतरतात आणि परत वर येतात एवढीच गोष्ट. एका व्हिडिओत बघून टोनमॅप (सीनमधला उजेड स्क्रीनला दाखवता येईल असा बसवायची पद्धत) एसेस केला, एक्स्पोजर (एकूण उजळपणा) १.४, व्हाइट ६. आता वर उन्हात हळकुंडांचा ढीग लिंबासारखा पिवळाजर्द दिसतोय, पेवात उतरलं की सगळं काळंकुट्ट, आणि फोनवर टाकला की फिल्मिक हा दुसरा मोड लावून बघितलं तरी चित्र मळकट. टोनमॅपचे चारही मोड फिरवून झाले. नेमकं कुठलं सेटिंग ठेवू?

उत्तर : अरे, विषय लई भारी घेतलायस. पण मोड फिरवत बसलास तिथंच घोटाळा झाला, कारण टोनमॅप ही सगळ्यात शेवटची पायरी आहे आणि तू तिथूनच सुरुवात केलीस.

आधी हळदीचं बघू. समज तुझ्या हळकुंडाचा रंग कलर पिकरमधे २३१, १७०, ३९ आहे. इंजिन हिशोब करतं तेव्हा ते साधारण लाल ०.८, हिरवा ०.४, निळा ०.०२ असं धरतं, म्हणजे लाल हिरव्याच्या दुप्पट, आणि त्या दुपटीमुळंच तो रंग हळदीचा दिसतो. आता त्यावर तिप्पट ऊन पाडलं की झाले २.४, १.२ आणि ०.०६. स्क्रीन १ च्या वर दाखवू शकत नाही. लिनिअर मोड सरळ कापतो, मग लाल पण १ आणि हिरवा पण १, दोघं सारखे झाले की रंग कुठला? लिंबू! एसेस असं धाडकन कापत नाही, वरचा भाग वळवून बसवतो, पण त्यातही झगझगीत केशरी-पिवळे रंग लिंबाकडं सरकतात आणि पुढं पांढरे पडत जातात. मूळ एसेस ऑस्करवाल्या अकॅडमीनं सिनेमासाठी बनवलेली पद्धत आहे, कॉन्ट्रास्ट दणदणीत, सावल्या गडद, म्हणून ट्रेलरमधे झकास दिसते आणि म्हणून प्रत्येक व्हिडिओवाला तीच लावायला सांगतो. माझं विचारशील तर ज्या गेममधे एखादा रंगच हिरो आहे तिथं एसेस नको.

तुझ्या गेममधे हळद हिरो आहे ना? मग एजीएक्स हा टोनमॅप मोड घे. गोडो ४.४ पासून तो आहे (म्हणजे चार मोड फिरवलेस तर तुझं व्हर्जन बहुतेक जुनं आहे, अपडेट कर, पण आधी प्रोजेक्टची कॉपी काढून ठेव). रंग उजळत गेला तरी त्याची जात सांभाळायला एजीएक्स बाकीच्यांपेक्षा बरा, हळद उन्हात फिकी होईल पण हळदच राहील. पहिल्यांदा लावशील तेव्हा वाटेल की चित्रातला जीवच गेला. घाबरू नको आणि लगेच सॅच्युरेशन (रंगाचा भडकपणा) ओढू नको, दोन दिवस तसंच राहू दे, डोळ्याला एसेसची सवय झालेली असते. तरी नाहीच पटलं तर अ‍ॅडजस्टमेंट्समधे कॉन्ट्रास्ट १.०५, फार तर १.१, बास.

पण त्याआधी उजेड जागेवर आण. ग्लो (उजळ भागाभोवतीची चमक) बंद, मोड लिनिअर, एक्स्पोजर १. सीनमधे एक राखाडी गोळा ठेव, रंग ११८, ११८, ११८, फोटोवाले १८ टक्के ग्रे म्हणतात तो हाच. उन्हातला त्याचा भाग स्क्रीनवरही साधारण तेवढाच दिसेपर्यंत सूर्य आणि आकाशाचा उजेड कमीजास्त कर. मग मोड बदल, आणि ग्लो सगळ्यात शेवटी. आणि हळदीचं टेक्स्चर (ढिगावर चिकटवलेलं चित्र) फोननं उन्हात काढलेल्या फोटोचं असेल तर ते बदल, त्यात ऊन आधीच चिकटलेलं असतं, वरनं तू परत ऊन घालतोस. सावलीत काढ फोटो, ढगाळ दिवशी काढलास तर उत्तमच.

आता पेव. भर दुपारी बाहेर लाखभर लक्स उजेड असतो आणि घरात काही शे, पेवात तर त्याहून कमी. एकाच एक्स्पोजरवर दोन्ही दिसणार नाही, हा टोनमॅपचा दोष नाही, आपला डोळासुद्धा आत गेल्यावर चाचपडतोच की. ऑटो एक्स्पोजर आहे पण तो फक्त फॉरवर्ड प्लस या रेंडररमधे (म्हणजे चित्र काढायच्या पद्धतीत) चालतो, तुला फोनवर पाहिजे म्हणजे तो बाद. पेवाच्या तोंडाशी एक एरिया थ्रीडी (कोणी आत आलं की कळवणारी जागा) ठेव, पोरगा आत शिरला की ट्वीननं (आकडा हळूहळू बदलायचं साधन) एक्स्पोजर १ वरनं २.५ कर, सावकाश, तीन सेकंदात. वर येताना मात्र अर्ध्या सेकंदात खाली आण, कारण अंधाराला डोळा हळू सरावतो आणि उजेडाला पटकन. ते वर आल्यावरचं अर्धा सेकंद डोळे दिपणं आहे ना, तुझ्या गोष्टीतला सगळ्यात भारी क्षण तोच होईल बघ. आणि पेव पार उजळून टाकू नकोस रे, आजोबांच्या हातातल्या कंदिलाला काहीतरी काम ठेव.

राहिला फोन. मोबाइल रेंडररमधे उजेडाचा आकडा २ च्या वर साठतच नाही, तिथंच कापला जातो. तू फिल्मिकला व्हाइट ६ दिलास, म्हणजे ६ आकडा आला की पांढरं दाखव असं सांगितलंस, आणि तिथं ६ कधी येणारच नाही, मग पांढरा सदराही राखाडीच दिसणार. फिल्मिक ठेवणार असशील तर व्हाइट २ कर. ४.४ मधल्या एजीएक्सला व्हाइटचा फरक पडत नाही, तिथं एक्स्पोजरच थोडं वाढवून बघ. आणि बघायचं ते खऱ्या फोनवर, ब्राइटनेस अर्ध्यावर ठेवून, लॅपटॉपवर नाही.

प्रश्न : साताऱ्यात राहते. कास पठारावर काढलेले फुलांचे फोटो गेमच्या भिंतीवर फ्रेममधे लावलेत, मटेरियल अनशेडेड केलं तरी सीतेची आसवं ही फुलं मूळ फोटोसारखी निळी-जांभळी दिसत नाहीत, मरगळल्यासारखी दिसतात. काय चुकलं?

उत्तर : तुझं काही चुकलं नाही गं. फोनच्या कॅमेऱ्यानं फोटो काढतानाच त्याचं टोनमॅपिंग करून टाकलेलं असतं, आणि अनशेडेड केलं म्हणजे लाइट लागत नाही एवढंच, टोनमॅप तर अख्ख्या थ्रीडी चित्राला लागतो. म्हणजे फोटोवर ते दोनदा झालं. खेळाडूनं फ्रेमला हात लावला की फोटो मोठा उघडणार असेल तर तो कॅनव्हासलेअरवर (थ्रीडीच्या वरचा टूडी थर) टेक्स्चररेक्टमधे (चित्राची चौकट) दाखव, टूडीला एरवी टोनमॅप लागत नाही, फुलं जशीच्या तशी दिसतील. भिंतीवरचा मात्र थोडा फिका राहू दे, नाहीतर तो फ्रेममधला फोटो न वाटता चालू टीव्ही वाटेल.