वाचकांचे प्रश्न : जुन्या पद्मिनीचा पत्रा बदलताना

प्रश्न : वडिलांनी मुंबईत घेतलेली प्रीमियर पद्मिनी मोटार आमच्या मळ्यातील छपरात बरीच वर्षे उभी आहे. दोन्ही बाजूंच्या दारांखालच्या सिल आणि पुढच्या मडगार्डांच्या खालच्या कडा गंजून झडल्या आहेत. गावातील डेंटर म्हणतात, नवा पत्रा गॅसने जोडून वर पुट्टी मारली की काम भागेल. शिवाय खान्देशची हवा कोरडी असल्याने पुन्हा गंज धरणार नाही. हे योग्य आहे का? (एक वाचक, चोपडा)

उत्तर : हवा कोरडी आहे हे खरे, परंतु गाडीचा पत्रा हवेपेक्षा आत साचलेल्या चिखलाने अधिक कुजतो. तापीकाठची काळी माती मडगार्डच्या आतल्या कोपऱ्यात आणि सिलच्या पोकळीत एकदा बसली की पावसाचे पाणी धरून ठेवते आणि वरून गाडी सुकलेली दिसत असतानाही आतला पत्रा ओलाच राहतो. सिलच्या तळाशी पाणी निघण्यासाठी ठेवलेली भोके स्क्रू ड्रायव्हरने मोकळी करून पाहावीत. तेथून माती आणि गंजाचे पापुद्रे निघाले, तर गंज आतून बाहेर आला आहे, असे समजावे. म्हणूनच बाहेरून पुट्टी मारणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

कापाकापीला हात घालण्यापूर्वी एक गोष्ट कारागिरांना आवर्जून सांगावी. पद्मिनीला ट्रकसारखी वेगळी चेसिस नाही. बॉडी हाच तिचा सांगाडा असल्याने सिल ही शोभेची पट्टी नसून गाडीचा भार पेलणारा भाग आहे. दोन्ही सिल एकाच वेळी कापल्या, तर गाडी मध्येच बसते आणि पुढे दारे कधीच नीट लागत नाहीत. गाडी सपाट फरशीवर भक्कम स्टँडवर घ्यावी, दारे बसवलेलीच ठेवून त्यांच्या चारही बाजूंच्या फटी मोजून लिहून ठेवाव्यात, दाराच्या चौकटीत आडव्या पट्टीचा तात्पुरता आधार द्यावा आणि एक बाजू पूर्ण जोडून झाल्यावरच दुसरीकडे वळावे. बॅटरी आधी सोडवावी. पेट्रोलची टाकी उतरवून दूर ठेवावी. फ्लोअरवरचे डांबरी पॅड वेल्डिंगच्या आचेने पेट घेतात, म्हणून तेही खरवडून काढावेत.

गॅस वेल्डिंग वाईट नाही. जुन्या कारागिरांच्या हातात ते सुंदर उतरते. मात्र बॉडीचा पत्रा जेमतेम एक मिलिमीटरचा असतो, आणि गॅसची ज्योत जोडाभोवतीचा मोठा भाग तापवते, त्यामुळे मडगार्डसारखा सपाट पत्रा लाटा धरतो. फॅब्रिकेशनवाले ज्याला सीओटू म्हणतात, ते मिग वेल्डिंग (विजेवर तार वितळवून केलेला जोड) ०.८ मिलिमीटरच्या तारेने आणि शक्य असल्यास आर्गन मिसळलेल्या गॅसवर करून घ्यावे. मडगार्डचा तुकडा कडेला कड भिडवून बसवावा, सलग ओळ न मारता दूरदूर टाके द्यावेत, एक या टोकाला तर पुढचा त्या टोकाला, आणि हात टेकवता येईल इतका पत्रा निवल्याशिवाय शेजारचा टाका मारू नये. सिलच्या कडा कारखान्यात स्पॉट वेल्डिंगने, म्हणजे ठरावीक अंतरावरच्या ठिपक्यांनी, जोडलेल्या असतात. तेथे वरच्या पत्र्याला सहा ते आठ मिलिमीटरची भोके पाडून ती वेल्डिंगने भरल्यास जवळपास तसाच जोड मिळतो. ही भोके मूळ स्पॉटइतकीच जवळजवळ असावीत. दोन-चार टाक्यांवर सिल टांगून ठेवणे धोक्याचे आहे.

यापुढचा टप्पा बहुतेक ठिकाणी राहून जातो, आणि माझ्या मते साऱ्या कामाचे आयुष्य त्यावरच ठरते. वेल्डिंगची रेघ बाहेरून ग्राइंडरने गुळगुळीत होते, पण त्याच रेघेच्या मागच्या बाजूला रंग जळून निळा-काळा पडलेला उघडा पत्रा उरतो. गंज पहिल्यांदा तेथेच धरतो. सिल बंद करण्यापूर्वी जुन्या भागाची आतली बाजू घासून तिला एपॉक्सी प्रायमर (रंगाखालचा, ओल रोखणारा थर) द्यावा. नव्या पत्र्यालाही आतून तो द्यावा, फक्त टाके येणाऱ्या कडा मोकळ्या सोडून त्यांना वेल्डिंगखाली चालणारा झिंक प्रायमर लावावा. जोड पूर्ण झाल्यावर सांध्यांवर सीलर भरावा, आणि पुट्टी लागलीच तर ती एपॉक्सीच्या थरावरच घ्यावी, कारण पुट्टी पाणी शोषते आणि उघड्या लोखंडाशी ते धरून ठेवते. सर्वांत शेवटी, रंग झाल्यावर, लांब नळीच्या फवाऱ्याने पोकळीत मेण सोडावे. ते जळलेल्या रेघेपर्यंत पोहोचले पाहिजे. नंतर तळाची भोके तारेने पुन्हा मोकळी करावीत. ती मेणाने बुजली, तर पाणी आतच अडकेल.

प्रश्न : सिलसाठी जीपी (जस्ताचा थर दिलेला) पत्रा वापरला तर प्रायमरची गरज उरणार नाही ना? (एक वाचक, अमळनेर)

उत्तर : उरते. जस्ताचा थर वेल्डिंगच्या रेघेवर जळून जातो, म्हणजे संरक्षण हवे त्याच जागी ते संपते. त्या जस्ताचा पांढरा धूर छातीत गेल्यास कारागिराला थंडी वाजून ताप येतो. जीपीच वापरायचा असेल, तर जोडाच्या कडांवरील जस्त आधी घासून काढावे आणि काम उघड्या हवेत करावे. मी २० गेजचा (जाडीचा) साधा, जस्ताचा थर नसलेला सीआर पत्रा आणि त्यावर चोख प्रायमर सुचवेन.

प्रश्न : पत्र्याचे काम मे महिन्यात होईल. रंग लगेच द्यावा की पावसाळ्यानंतर? (एक वाचक, शिरपूर)

उत्तर : रंग थांबला तरी चालेल, एपॉक्सी प्रायमर थांबता कामा नये, घासलेला पत्रा रात्रभरही उघडा ठेवू नये. मेमध्ये पारा ४५ अंशांच्या आसपास जातो तेव्हा दुपारी थिनर पत्र्यावर पोहोचण्याआधीच उडतो आणि रंग खरबरीत बसतो. म्हणून सकाळी लवकर, सावलीत, उन्हाळ्यासाठी मिळणारा मंद थिनर घेऊन काम करावे. अंतिम रंग पावसाळ्यानंतर देणार असाल, तर प्रायमरच्या डब्यावर किती काळात पुढचा थर द्यावा हे छापलेले असते ते पाहावे. मुदत उलटली असल्यास रंगापूर्वी तो पॉलिश पेपरने पुन्हा घासून घ्यावा, नाही तर वरचा थर सुटतो.