कूळ, कुळंबी आणि 'जमीन वाटली' म्हणण्याची खोड

गोव्यातल्या फोंड्याच्या एका शिक्षिकेने विचारलं आहे : घराण्याचं कुळ आणि शेतातलं कूळ हा एकच शब्द का? आणि 'कूळकायद्याखाली सरकारने भाटकारांच्या जमिनी संपादन करून गरिबांना वाटल्या' असं वाक्य मुलांच्या निबंधात आलं तर चालू द्यावं का? (भाटकार म्हणजे जमीनमालक, कूळ म्हणजे त्याची जमीन कसणारा.)

दुसऱ्याचं उत्तर आधी देतो. अजिबात चालू देऊ नका. हे वाक्य मुलांनी वर्तमानपत्रातून उचललेलं आहे आणि तिथेही ते चूकच आहे.

संपादन म्हणजे सरकारने जमीन स्वतःकडे घेणं. साळावली धरणासाठी सांगें तालुक्यातलं कुर्डी पाण्याखाली गेलं आणि माणसं वाडे, वालकिणीला नेऊन बसवली, ते संपादन. महाराष्ट्रात १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्याने मर्यादेवरची जमीन आधी सरकारजमा झाली आणि मग भूमिहीनांना मिळाली. तिथे 'संपादन' आणि 'वाटप' हे दोन्ही शब्द बरोबर आहेत. गोव्याचा कूळकायदा १९६४ चा. त्यातली खरी उलथापालथ घडवणारी पाचवी दुरुस्ती १९७६ ची, शशिकला काकोडकर मुख्यमंत्री असतानाची. तिच्यात सरकार एक क्षणही मालक होत नाही. कुळाने जमीन विकत घेतली असं कायदाच मानतो. किंमत मामलेदाराने ठरवायची आणि कुळाने भरायची. मालकी भाटकाराकडून थेट कुळाकडे जाते. ज्याने पैसे मोजले त्याला 'वाटप झालं' म्हणणं म्हणजे त्याच्या हक्काला दान ठरवणं आहे.

वनहक्कांच्या बाबतीत हीच चूक जास्त बोचते. २००६ च्या कायद्याच्या नावातच 'वनहक्कांची मान्यता' असे शब्द आहेत. मान्यता आधीपासून असलेल्या गोष्टीला देतात. केपें, सांगें, काणकोण, सत्तरी या भागांत गावडा, कुणबी, वेळीप कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या डोंगरउतारावर कुमेरी (फिरती शेती) करत आली, काजू-नाचणी काढत आली. अनुसूचित जमाती म्हणून त्यांची नोंद व्हायला २००३ साल उजाडलं. आता त्यांच्या हाती सनद आली की बातमी येते : 'आदिवासींना जमिनीचं वाटप'. सनद वाटली असं जरूर लिहा, कारण कागद वाटता येतो. जमीन त्यांच्याकडे होतीच. आणि सनद हाती येण्याआधी त्याच माणसांना 'अतिक्रमणदार' लिहायचं, हे तर सहन होण्यापलीकडचं आहे. कन्नड शिलालेखांत गावच्या प्रमुखाला 'गामुंड', 'गावुंड' म्हटलेलं आहे आणि आपला 'गावडा' त्याच वळणाचा आहे, असं माझं ठाम मत आहे. म्हणजे ज्यांच्या नावातच गाव आहे, त्यांना आपण गावातले घुसखोर ठरवतो.

आता कूळ. लेखनाचं एका ओळीत सांगतो : सुटा शब्द 'कूळ' दीर्घ, सामान्यरूपात 'कुळाचा, कुळांना' ह्रस्व. घराण्याचा आणि शेताचा शब्द एकच, संस्कृत 'कुल'. शेत कसायला माणूस एकटा येत नसे, बिऱ्हाड येई, म्हणून हिशेबाच्या वहीत एक घर म्हणजे एक कूळ. पुढे सावकाराचं कूळ (कर्जदार) आलं, वकिलाचं कूळ (अशील) आलं. 'जमिनीला कूळ लागलं' हा प्रयोगही त्याच वहीतला, आणि आजही एक-चौदाच्या उताऱ्यावर (गोव्याचा सातबारा) कुळाचं नाव आहे की नाही यावर खटल्यात बरंच काही ठरतं.

हे मराठीचंच वैशिष्ट्य असतं तर मी इतका खूश झालो नसतो. काणकोणच्या पलीकडे, कन्नडमध्ये 'ओक्कलु' पाहा. त्याचे अर्थ वास्तव्य, घर आणि कसणारा, कूळ. ओक्कलिग त्यातूनच आला. तमिळ-मल्याळमकडे 'कुडि' म्हणजे घर, कुटुंब आणि 'कुडियान' म्हणजे कूळ. या साऱ्या किनारपट्टीने जमिनीचं नातं माणसाशी जोडलं नाही, चुलीशी जोडलं. आमच्या गावकरीतले (गावाच्या सामाईक जमिनीच्या व्यवस्थेतले) वांगडही घराण्यांचेच गट. पोर्तुगिजांनी १५२६ च्या फोरालात, म्हणजे सनदेत, गावकारांचे रिवाज लिहून घेतले तेव्हा ही व्यवस्था आधीच जुनी झालेली होती. कोमुनिदाद हे तिचं नाव नंतरचं. कोमुनिदादीच्या जमिनीला सरसकट 'सरकारी' म्हणणाऱ्यांनी एवढं तरी ध्यानात घ्यावं.

त्यातही गंमत पाहा. शब्दाने कूळ घराचं, पण १९७५ च्या मुंडकार कायद्याने भाटातल्या (मालकाच्या जमिनीतल्या) राहत्या घराचं संरक्षण मुंडकाराला, म्हणजे त्या घरात राहणाऱ्याला, मिळालं आणि कुळाकडे शेत राहिलं. 'कूळ-मुंडकार' हा जोडशब्द एका दमात उच्चारून दोघांना एकच समजणारे वक्ते हा फरक पुसून टाकतात. एकच माणूस दोन्ही असू शकतो, पण त्याचे दावे दोन आणि कायदेही दोन.

आता 'कुळंबी' किंवा 'कुणबी'. इथे बरेच जाणकार घसरतात. कोणी म्हणतात 'कण' अधिक 'बी', म्हणजे दाणा आणि बियाणं. कोणी 'कुळ' अधिक 'बी' जोडतात. ही शब्दांची फोड आहे, व्युत्पत्ती नव्हे. मूळ शब्द 'कुटुंबिन्'. ताम्रपटांत गावच्या महत्तरांसोबत, म्हणजे पुढाऱ्यांसोबत, ज्यांना उद्देशून आज्ञा लिहिलेली असते ते कुटुंबिन्, म्हणजे शेती करणारे गृहस्थ. प्राकृतात ट चा ड होऊन 'कुडुंबी' झाला, ड चा ळ होऊन 'कुळंबी', आणि ळ अनुनासिकात मिसळून 'कुणबी'. ड चा ळ नवा नाही : गुड-गूळ, षोडश-सोळा, तडाग-तळं. मधल्या पायरीचा पुरावा हवा असेल तर केरळात जा. शतकांपूर्वी गोव्यातून तिकडे गेलेला, घरात कोकणी बोलणारा समाज आजही 'कुडुंबी' म्हणूनच ओळखला जातो. कोशात शोधावा लागणारा ड तिथे जिवंत माणसांच्या नावात आहे! म्हणून 'कूळ' मधला ळ ल पासून आला, 'कुळंबी' मधला ट पासून, आणि दोघे भेटले ते शेताच्या बांधावर.

याच नियमाने 'कुळागर' (माड-पोफळींची बाग) चाही निकाल लागतो. कुळागरात पाट खेळवलेले असतात, म्हणून तो शब्द 'कुल्या' म्हणजे पाण्याचा पाट यावरून आला, असं एका अभ्यासकांनी मोठ्या आत्मविश्वासाने मांडलं आहे. कल्पना सुंदर आहे, पण मराठीत टिकत नाही. स्वरांमधला एकटा ल ळ होतो : फल-फळ, काल-काळ, कुल-कूळ. ल्य चा आधी ल्ल होतो आणि मग साधा ल उरतो : मूल्य-मोल, कल्य-काल, शल्य-सल. 'कुल्या' पासून 'कुलागर' झालं असतं, 'कुळागर' नाही. माड-पोफळींची ती बाग कुळाची, घराण्याचं राखलेलं आगर आहे. ल्य चा ळ झालेला एक तरी निर्विवाद मराठी शब्द विरोधकांनी दाखवावा.