विषाणूची प्रजाती, वाण की शाखा?

गीरच्या सिंहांवरच्या एका लेखात ‘विषाणूची आशियाई प्रजाती आढळली’ असं वाक्य आलंय. ‘स्ट्रेन’साठी, म्हणजे एकाच विषाणूच्या थोड्या वेगळ्या रूपासाठी, प्रजाती चालेल, की वाण म्हणावं, असा प्रश्न आहे.

प्रजाती नकोच. विश्वकोशाच्या परिभाषेत जाती म्हणजे स्पीशीज आणि प्रजाती म्हणजे तिच्या वरची पायरी, जीनस. वर्तमानपत्रांनी हिंदीच्या वळणाने प्रजातीला खालच्या पायरीवर आणून बसवलं. कुठलाही अर्थ घेतला तरी इथे घोटाळाच. गोवर, गुरांची बुळकांडी आणि कुत्र्यांचा डिस्टेंपर यांचे विषाणू एकाच प्रजातीतले, पण जाती वेगळ्या. २०१८ साली गीरमध्ये ६८ सिंह आणि ६ बिबट्यांच्या नमुन्यांत जो सापडला तो डिस्टेंपरचाच विषाणू, म्हणजे जात जुनीच. त्याचा संपूर्ण जनुकीय क्रम लावला तेव्हा तो ‘इंडिया-१/एशिया-५’शी जुळला.

ही नावं कशाची? या विषाणूच्या आवरणावर एच नावाचं प्रथिन असतं. त्याच्या आधारे तो पेशीला चिकटतो. या प्रथिनाचं जनुक फार बदलतं, म्हणून कोणत्या नमुन्यात किती फरक आहे ते पाहून वंशवृक्ष काढतात आणि त्याच्या फांद्यांना बहुधा खंडांची, देशांची नावं देतात. वृक्ष म्हटल्यावर ‘शाखा’ आपसूक येते. ‘वंश’ही चालला असता, पण काही जुन्या पुस्तकांत तो जीनससाठी वापरलाय, म्हणजे पुन्हा तोच गोंधळ.

‘वाण’ मला आवडतो. मुळात तो ‘वर्ण’, म्हणजे रंग. ‘वाण नाही पण गुण लागला’ मधला. पुढे बियाण्याचा वाण झाला, आणि त्यात माणसाने निवडून जोपासल्याचा भाव आला. रानातल्या विषाणूला तो शोभत नाही. लशीसाठी प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या वाढवलेल्या विषाणूला मात्र खुशाल वाण म्हणा. असा फरक ठेवला तर सोयही होते, कारण जनुकीय तपासणीत रानातला विषाणू आणि लशीतला विषाणू वेगळे ओळखावे लागतात.

‘प्रकार’ चूक नाही, नुसता ढोबळ आहे. ‘उत्परिवर्तन’ म्हणजे जनुकात झालेला बदल. ते विषाणूचं नाव नव्हे.

मी असं लिहीन : ‘सिंहांमधला डिस्टेंपरचा विषाणू इंडिया-१/एशिया-५ या शाखेतला निघाला.’ क्रियापदही मुद्दाम बदललंय. आढळला तो विषाणू. शाखा तपासाअंती कळली.