साठ फिगर्सचा गठ्ठा खरंच स्वस्त पडतो का?

प्रश्न: स्कायलँडर्सच्या (व्हिडिओ गेममध्ये पात्रं म्हणून उतरणाऱ्या खेळण्यांच्या) वापरलेल्या ६० फिगर्सचा गठ्ठा एकजण विकतोय. सुट्ट्या फिगरला जे पडतात त्याच्या निम्मा दर सांगतोय. मला हव्यात त्यातल्या १४. बाकीच्या विकून टाकेन. छंदासाठी दरमहा बाजूला काढतो ते पैसे पुरणार नाहीत. अडीअडचणीला ठेवलेल्या रकमेतून घेऊ का? रविवारपर्यंत कळवायचंय.

उत्तर: आधी कागद-पेन घ्या. निम्म्या दराने ६० म्हणजे ३० सुट्ट्या फिगर्सचे पैसे. हव्यात १४, म्हणजे १६ फिगर्सची किंमत उरलेल्या ४६ विकून वसूल करायची. पॅकिंग, पाठवणी, घासाघीस वजा जाता एकीमागे सुट्ट्या किमतीचा तिसरा हिस्सा हाती पडला, तरी जेमतेम १५ भरतात. तेही एकूण एक विकल्या गेल्या तर. आणि अशा गठ्ठ्यात काय भरलेलं असतं? २०११च्या पहिल्या खेळाच्या स्टार्टर पॅकमध्ये स्पायरो, ट्रिगर हॅपी आणि गिल ग्रंट असायचे. ज्याने खेळ घेतला त्याच्याकडे ते आलेच. तुमचा चौथा स्पायरो घेणार कोण?

‘आता बनत नाहीत, भाव चढेल’ हा विचार मनात असणारच. या मालिकेचा शेवटचा मोठा खेळ, इमॅजिनेटर्स, २०१६चा. पण उत्पादन थांबलं म्हणून प्रत्येक फिगर दुर्मीळ होत नाही. पहिल्या खेळातल्या नेहमीच्या फिगर्स ढिगाने निघाल्या होत्या. अमीबोचं, म्हणजे निंटेंडोच्या अशाच फिगर्सचं, तर उलटंच. २०१४च्या अखेरीस मार्थ, व्हिलेजर मिळेनासे झाले, लोकांनी अवाच्या सवा पैसे मोजले, पुढे निंटेंडोने माल पुन्हा आणला. तेव्हा याला छंदखर्चच म्हणा. मौज म्हणून केलेल्या खर्चाला माझी हरकत नाही, त्याला गुंतवणुकीचं नाव दिलं की मात्र हिशेब बिघडतो.

अडीअडचणीच्या पैशाला हात लावू नका. दवाखान्याची वेळ आली तर ४६ फिगर्स दोन दिवसांत विकल्या जात नाहीत. कार्डावर हप्ते पाडून घेणं त्याहून वाईट.

विक्रेत्याला सरळ विचारा: १४ फिगर्स पूर्ण सुट्ट्या दराने देता का? त्यालाही चांगल्या फिगर्सचे चांगले पैसे मिळतात. एकदम जमत नसेल तर तुमच्या मासिक रकमेत बसतील तेवढ्या दर महिन्याला घ्या. तो नाहीच म्हणाला तर गठ्ठा जाऊ द्या.

होकार आलाच तर पैसे देण्याआधी दोन गोष्टी बघा. जुनी फिगर नव्या खेळात चालते, नवी जुन्या खेळात सहसा चालत नाही. तुमच्याकडचा खेळ कोणता ते तपासा. आणि त्याने सोबत पोर्टल (फिगर ज्यावर ठेवली की खेळात येते ती बैठक) देऊ केलं तर ते एक्सबॉक्सचं आहे का ते विचारा. फिगर्स कुठल्याही कन्सोलवर चालतात, पण एक्सबॉक्सला पोर्टल त्याचंच लागतं.