चिमूटभर निओबियमने काय साधते?

प्रश्न : झवेरी बाजारातील आमच्या पेढीत दागिने धुण्याचे अल्ट्रासॉनिक यंत्र आहे. त्यात आणि सोनोग्राफीच्या प्रोबमध्ये पीझेडटी हेच सिरॅमिक असते, असे तंत्रज्ञाने सांगितले. मग प्रोबमधला अधिक संवेदनशील प्रकार आमच्या यंत्रात बसवला, तर दागिने अधिक चांगले निघतील का? – एक वाचक, मुंबई

उत्तर : नाही; उलट ते सिरॅमिक तापेल आणि आपले ध्रुवीकरणच, म्हणजे आतील धन-ऋण भारांची एका दिशेने झालेली मांडणीच, गमावण्याची शक्यता आहे.

पीझेडटी हे शिसे, झिर्कोनियम आणि टायटॅनियम यांचे मिश्र ऑक्साइड होय. शेवटच्या दोघांचे प्रमाण ५२:४८ च्या आसपास असले की ध्रुवीकरणाची दिशा सहज वळते. त्याच्या प्रत्येक कणात वेगवेगळ्या दिशांनी ध्रुवीकृत झालेले सूक्ष्म प्रदेश, म्हणजे डोमेन, असतात आणि त्यांच्या सीमा किती सहज सरकतात यावर दाबाला मिळणारा विद्युत प्रतिसाद बराचसा ठरतो. डोपिंगचा, म्हणजे दुसरे मूलद्रव्य चिमूटभर मिसळण्याचा, खेळ मुख्यतः या सीमांशी आहे. चार धनभारांच्या टायटॅनियमच्या जागी पाच धनभारांचे निओबियम थोडेसे घातले, तर वाढीव भार भरून काढण्यासाठी शिशाच्या काही जागा रिकाम्या राहतात आणि सीमा मोकळ्या होतात. हे ‘सॉफ्ट’ पीझेडटी, प्रोबमधला संवेदनशील प्रकार तो हाच. तीन धनभारांचे लोह घातले, तर ऑक्सिजनच्या जागा रिकाम्या होतात, लोहाशी त्यांच्या जोड्या जमतात आणि त्या जोड्या सीमांना जखडून ठेवतात, हे ‘हार्ड’.

पीझेडटी-५एच या सॉफ्ट प्रकारात एका न्यूटन बलामागे सुमारे ५९० पिकोकुलोम विद्युतभार मिळतो, तर पीझेडटी-८ या हार्ड प्रकारात जेमतेम २२५. विक्रेत्यांच्या माहितीपत्रकांत हाच आकडा ठळक छापलेला असतो, त्यामुळे गैरसमज होतो. सॉफ्ट प्रकारात दर कंपनामागे कितीतरी अधिक ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. प्रोब क्षणभराचे स्पंद सोडून क्षीण प्रतिध्वनी ऐकतो, तिथे हे चालून जाते. आपले यंत्र मात्र साधारण ४० किलोहर्ट्झवर सलग कंप पावत असते. शिवाय पीझेडटी-५एचचे ध्रुवीकरण १९० अंश सेल्सिअसच्या आसपास नाहीसे होते, पीझेडटी-८चे ३०० च्या आसपास. (२०१८ मध्ये समॅरियम घातलेल्या दुसऱ्या एका सिरॅमिकने १५०० पिकोकुलोमचा टप्पा गाठला, पण त्याची ही मर्यादा १०० अंशांच्याही खाली आहे.)

टाकीच्या तळाला चिकटवलेला ट्रान्सड्यूसर (विजेची कंपने करणारा भाग) बदलायचा झाल्यास त्यातील सिरॅमिकच्या कड्या हार्ड प्रकारच्या आहेत ना आणि त्याची अनुनाद वारंवारता, म्हणजे ज्या वारंवारतेला तो सर्वाधिक जोराने कंप पावतो ती, जुन्याइतकीच आहे ना, हे तंत्रज्ञाला आधी विचारावे.