आकडे सांगतात बंद कर, मन ऐकत नाही
प्रश्न: दोन वर्षं एका प्रॉडक्टमध्ये पैसा ओततोय, चालत नाहीये हे दिसतंय तरी बंद करायला मन धजत नाही. मी धंद्याला नालायक आहे का?

उत्तर: अहो नाही हो, सगळ्यांचंच असं होतं. कानेमन-ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच मांडलंय की फायद्याच्या आनंदापेक्षा तेवढाच तोटा जास्त बोचतो, म्हणून माणूस तोटा मान्य करण्याऐवजी अजून रिस्क घेत बसतो. १९८५ ला इंटेल मेमरी चिपमध्ये मार खात होती तेव्हा कंपनीचे प्रेसिडेंट अँडी ग्रोव्हनी सीईओ गॉर्डन मूरना विचारलं, आपल्याला काढून नवा सीईओ आणला तर तो काय करेल? मूर म्हणाले, मेमरीतून बाहेर पडेल. आणि मग त्यांनी स्वतःच ते केलं (सोपं नव्हतं, कंपनीची ओळखच होती ती). तुम्हीही आज नव्याने आला असता तर यात पैसे घातले असते का, तेवढंच बघा.